आलेपाकातले दोरे

रहिमतपूरच्या पेठेत आलेपाकाचं एक दुकान होतं. घराचाच पुढचा सोपा, त्यात एक काचेचं कपाट, एक तागडी आणि मागच्या पडवीत चूल. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळं गाव काकी म्हणायचं. वयाने मोठी माणसंही काकीच म्हणायची.

कोरेगाव तालुक्याच्या या भागात आल्याचं पीक मोठं. अक्षय तृतीयेच्या सुमारास लागण होते आणि थंडीत नवं आलं निघायला लागतं. भाव पडलेला असला तर शेतकरी ते काढत नाही, जमिनीतच राहू देतो. पुढच्या वर्षी निघतं त्याला जुनं आलं म्हणतात. बाजारात दोन्हींचे भाव वेगळे असतात आणि भाव बोलतात तो गाडीचा. एक गाडी म्हणजे ५०० किलो. जुनं आलं जास्त तिखट, त्यात पाणी कमी, पण दोरे फार. हा फरक लक्षात ठेवा, गोष्ट त्यावरच फिरते.

काकी नवं आलं घ्यायच्या. धुवायचं, साल खरवडायची, वाटायचं आणि वाटलेलं चाळणीवर हाताने घासून गाळायचं. दोऱ्यांचा चोथा चाळणीवर राहायचा, मऊ गर खाली उतरायचा. त्यात साखर आणि थोडं दूध घालून मंद जाळावर ढवळत बसायचं. मिश्रण कडा सोडून गोळा व्हायला लागलं की तूप लावलेल्या ताटात थापायचं आणि कोमट आहे तोवर वड्या पाडायच्या. या सगळ्यात वेळखाऊ काम गाळण्याचं. मनगट भरून यायचं.

कपाटासमोर उभं राहून लोक वडी तोंडात टाकत आणि तिथल्या तिथे बोलत. “काकी, आज पाक जरा पुढं गेलाय, वडी कडक झालीया.” “पोराला तिखट लागतंय.” काही माणसं बोलत नसत, पण चघळताना त्यांच्या कपाळावर आठी आली की काकींना कळायचं. नाटककार वसंत कानेटकर ज्या गावात जन्मले त्या गावातली ही गोष्ट, म्हणून हा दाखला देतो: रंगमंचावरच्या नटाला समोर काय पोचलं, काय नाही, ते त्याच क्षणी समजतं, त्यासाठी त्याला प्रयोगानंतर कागद वाटावे लागत नाहीत. काकींचंही तसंच होतं. सकाळी ऐकलेलं दुपारच्या घाण्यात दुरुस्त व्हायचं.

मुलगा पुण्यात नोकरी करत होता, तो परत आला. त्याने दुकानाची वेबसाइट काढली. फोटो चांगले घेतले, पैसे भरायची सोय केली, कुरियरवाल्याशी दर ठरवला. पुणे, ठाणे, नाशिक, सोलापूर, कुठून कुठून मागण्या यायला लागल्या. एका चुलीच्या दोन चुली झाल्या. वाटायला यंत्र आलं. कपाटाशी एक मुलगी बसायला लागली, कारण काकींना आता पुढे बसायला वेळ उरेना.

एका संध्याकाळी पार्सलवर पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवताना काकींनी विचारलं, “आरं, एवढं सगळं जातंय खरं, पण खाऊन काय म्हणत्यात लोकं?”

प्रश्न साधा होता आणि अगदी बरोबर होता. मुलालाही तो पटला. दुसऱ्याच दिवशी त्याने वेबसाइटवर अभिप्रायाचा फॉर्म बसवला.

फॉर्म असा होता. गिऱ्हाइकाने पैसे भरले की पडद्यावर चौकट आपोआप उघडायची, नंतर लिहायचं तर वेबसाइटवर जाऊन ती उघडावी लागायची. वर पाच तारे. खाली अकरा प्रश्न: वेबसाइट वापरायला सोपी वाटली का, रंग आवडले का, आमच्याबद्दल कुठून कळलं, मित्रांना सांगाल का. नाव, मोबाइल नंबर आणि जन्मतारीख भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकायचा नाही. जन्मतारीख कशाला, तर वाढदिवसाला शुभेच्छा आणि सवलतीचा संदेश पाठवता यावा. आणि तळाला एक ओळ: पाच तारे देणाऱ्यांना पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट.

मुलाच्या मनात खोट नव्हती, हे आधीच सांगितलं पाहिजे. इतरांच्या वेबसाइटवर त्याने जे पाहिलं होतं तेच त्याने आपल्याकडे आणलं. असे फॉर्म आज हजारो ठिकाणी आहेत आणि ते बसवणारी बहुतेक माणसं कष्टाळू आणि प्रामाणिकच असतात.

तारे भराभर जमले. महिन्याभरात त्याने आईला मोबाइल दाखवला. “आई, आपल्याला पाचपैकी चार पूर्णांक आठ आहेत.”

“कुणी दिलं?”

“गिऱ्हाइकांनी.”

“खाऊन दिलं का?”

मुलगा थांबला. फॉर्म तर पैसे भरल्याबरोबर उघडत होता. वडी तेव्हा रहिमतपुरातच असायची, पुष्कळदा ताटातसुद्धा पडलेली नसायची.

“म्हणजे पार्सल अजून घरात हाय आन् त्यांनी ब्येस म्हणून लिवलं. मग ते आपल्या वडीला न्हाई, दुसऱ्याच कशाला तरी म्हणाले असतील.”

काकींना वेबसाइटचं काही कळत नव्हतं, पण हे त्यांना कळलं. मुलगा म्हणाला, बदलतो, आणि कामाच्या गर्दीत ते राहून गेलं.

पत्त्याच्या चिठ्ठ्या छापून निघत, पण चिकटवायचं काम काकींनी स्वतःकडे ठेवलं होतं. प्रत्येक नाव त्या मोठ्याने वाचायच्या. अशीच कितीतरी नावं त्यांना पाठ झाली होती. ठाण्याचे एक निवृत्त शिक्षक दर महिन्याला अर्धा किलो मागवायचे. काकी त्यांना ठाण्याचे गुरुजी म्हणत. नाशिकच्या एक बाई दोन लेकींच्या घरी वेगवेगळी पार्सलं पाठवायला लावत. दिवाळीनंतर काकींच्या लक्षात आलं की ही नावं हाताखालून जाईनाशी झालीत. मागण्या कमी नव्हत्या, पण नावं सगळी नवी होती. एकदा मागवणारी, दुसऱ्यांदा न येणारी.

“ठाण्याचे गुरुजी कुठं गेले रं?” त्यांनी विचारलं.

“असतील गावाला कुठंतरी,” मुलगा म्हणाला. त्याच्या समोरच्या आकड्यांत सगळं ठीक होतं. नव्या मागण्यांमुळे बेरीज भरून निघत होती आणि सरासरी चार पूर्णांक आठवरच होती. सरासरीत तेवढेच लोक मोजले जातात जे बोलतात. जो न बोलता निघून गेला त्याची जागा तिच्यात रिकामीही दिसत नाही. धंदा करणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कुठेतरी लिहून ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

त्या दिवसांत काकींचे थोरले भाऊ राहायला आले. ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पुणे-मिरज रेल्वेमार्गावर रहिमतपूरही आहे आणि किर्लोस्करवाडीही, तेव्हा त्यांचं येणं-जाणं गाडीनेच. सोप्यात बसून त्यांनी भाच्याचं सगळं काम कौतुकाने पाहिलं. तारेही पाहिले. मग विचारलं, “जे आता मागवत नाहीत, त्यांना विचारलंस का?”

“मामा, ते साइटवर येतच नाहीत. त्यांना कसं विचारणार?”

“मग जे आले नाहीत त्यांचं उत्तर तुझ्या यंत्रात पडणारच नाही.”

आणि मामांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकिकत सांगितली. कारखान्यात हयात गेलेली माणसं ती घरातल्या गोष्टीसारखी सांगतात.

लक्ष्मणरावांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे कडबा कापायची यंत्रं केली आणि मग लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, तरी पहिले नांगर विकायला फार वेळ लागला. शेतकऱ्यांच्या मनात होतं की लोखंडाने जमीन बिघडते, तिच्यात विष भिनतं. “आता विचार कर,” मामा म्हणाले, “त्या शेतकऱ्यांनी कुठं तक्रार लिहिली होती? कुणी कागद दिला होता का त्यांना? ते नुसते नांगर घेत नव्हते. न घेणं हेच त्यांचं म्हणणं होतं. लक्ष्मणराव म्हणाले असते की ज्यांनी घेतला ते सगळे खूश आहेत, तर तिथंच संपलं असतं. न घेणारा काय म्हणतो ते कळून घ्यावं लागलं, तेव्हा पुढं १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आधाराने कुंडलच्या माळावर कारखाना उभा राहिला.”

“आणि १९२० साली,” मामा पुढे म्हणाले, “त्याच माळावरून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. पुढं तिचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, ते तुला माहीत असेल. पण मूळ नाव बघ. खबर. कारखान्यात काय चाललंय ते बाहेर कळवायला. बाहेरच्यांनी आपल्याशी बोलावं असं वाटत असेल तर आधी आपण त्यांच्याशी बोलावं लागतं.”

मुलगा गप्प राहिला. मग त्याने एक गोष्ट उघड केली. काही अभिप्राय त्याने झाकून ठेवले होते. एक तारा, दोन तारे दिलेले. वेबसाइटवर ते दिसत नव्हते. “धंद्यात असे लोक असतातच,” असं त्याला एका मित्राने सांगितलं होतं आणि त्याने ते मानलं होतं.

“वाच,” काकी म्हणाल्या.

त्याने वाचलं. सोलापूरहून कुणी लिहिलं होतं: “दाताखाली काड्या येतात.” पुण्याहून: “आले नीट वाटलेले नाही.” आणखी एकाने: “पूर्वीसारखा राहिला नाही, आईला गिळवला नाही.” तारखा सगळ्या दिवाळीनंतरच्या.

कपाटाशी बसणारी मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. ती हळूच म्हणाली, “काकी, हितं पण म्हणत्यात लोकं. चोथा लागतोय म्हणत्यात.”

“मग सांगितलं का न्हाईस गं?”

“कुणाला सांगायचं ते कुणी सांगितलं न्हवतं.”

तिची काहीच चूक नव्हती. तिला वजन करायला आणि पैसे घ्यायला ठेवलं होतं. ऐकणं हे काम आहे आणि ऐकलेलं कुणापर्यंत न्यायचं हेही ठरवून द्यावं लागतं, हा विचार त्या घरात कुणी केला नव्हता. बहुतेक दुकानांत तो होत नाही. तक्रार आधी पोचते ती गल्ल्यावरच्या पोराकडे, पार्सल देणाऱ्या माणसाकडे, फोन उचलणाऱ्या बाईकडे, आणि त्यांनाच ती पुढे न्यायचा हक्क दिलेला नसतो.

काकींनी एक वडी घेतली. साखरेच्या आजारामुळे त्यांनी वर्षभरात आपला आलेपाक तोंडात घातला नव्हता. आता घातला, बराच वेळ चघळला आणि बोटाने जिभेवरून एक दोरा काढून तळहातावर ठेवला.

कारण शोधायला वेळ लागला नाही. वाटायचं यंत्र आल्यावर गाळणं बंद झालं होतं. यंत्र इतकं बारीक करतं की गाळायची गरज नाही, असं मुलाला वाटलं होतं आणि नव्या आल्यापुरतं ते बऱ्याच अंशी खरंही होतं. पण दिवाळीच्या सुमारास, नवं आलं बाजारात यायच्या आधी, त्याने जुनं आलं घ्यायला सुरुवात केली. तिखटपणा जास्त, पाणी कमी म्हणून आटवायला जळण कमी, हिशेब सरळ होता. जुन्या आल्याचे दोरे यंत्राने तुटतात, नाहीसे होत नाहीत. दोन्ही निर्णय वेगवेगळे बरोबर होते, एकत्र आले तेव्हा वडीत काड्या झाल्या.

काकींनी ठाण्याला फोन लावला.

“गुरुजी, मी रहिमतपूरहून बोलतीया. आलेपाकवाली काकी.”

पलीकडे क्षणभर कुणी बोललं नाही. मग गुरुजी मोकळेपणाने हसले. “अहो काकी! तुम्ही स्वतः? बोला, बोला.”

“तुम्ही मागवायचं थांबला. आमचं काय चुकलं ते सांगा.”

“चुकलं असं नाही हो. आमच्या हिला कवळी आहे. दोरे अडकतात तिच्या कवळीत, मग दुखतं. आधी असं होत नव्हतं.”

“मग कळवायचं की हो आम्हाला.”

“कळवत होतो. तुमच्या त्या फॉर्मवर लिहायला बसलो. सगळं लिहिलं, तर ते जन्मतारीख मागायला लागलं. आता वडीतल्या दोऱ्याशी माझ्या जन्मतारखेचा काय संबंध? ती भरल्याशिवाय पुढे जाईना. दोनदा केलं, मग सोडून दिलं. वाटलं, एवढं मोठं काम झालंय तुमचं, आमच्या अर्ध्या किलोचं कोण ऐकणार.”

फोन स्पीकरवर होता, मुलगा शेजारीच उभा होता. गिऱ्हाईक रागावून गेलं नव्हतं, फॉर्मच्या दारात थांबून, दमून परत गेलं होतं.

रात्री जेवणं झाल्यावर तिघं बसली. मुलगा म्हणाला, “फॉर्म काढूनच टाकतो.”

“काढायचा कशाला?” काकी म्हणाल्या. “इचारलंच पायजे. पर जे ऐकून आपून काय करनार न्हाई, ते इचारायचं न्हाई. रंग आवडले का म्हणून इचारतोस. न्हाई आवडले म्हणाले तर तू बदलनार हायस का?”

“नाही.”

“मग कशाला त्यांचा येळ खातोस?”

या एका कसोटीवर अकरा प्रश्न लावले आणि दहा गळाले. उरलेला प्रश्न मुलाने आईच्याच तोंडचा ठेवला: “वडी कशी लागली? पुढच्या घाण्यात काय बदलू?” खाली लिहायला एक मोकळी चौकट. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, लिहायचा कंटाळा असला तर बोलून आवाज पाठवा. नाव द्यायचं असलं तर द्या. मोबाइल नंबर मागायची गरजच नव्हती, मागणीच्या वेळी तो आलेला होता. अभिप्राय विचारायला तो वापरला तर चालेल का, एवढं मागणी घेतानाच विचारायचं ठरलं आणि जन्मतारीख गेली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं सूत्रही हेच आहे की ज्या कामासाठी संमती घेतली, त्या कामाला लागेल तेवढीच माहिती घ्यावी. काकींना कायदा ठाऊक नव्हता. गुरुजींच्या जन्मतारखेने त्यांना तो शिकवला.

प्रश्न कधी विचारायचा यावर बराच वेळ बोलणं झालं. पैसे भरताना नाही, हे उघड होतं. पार्सल पोचल्याच्या दिवशीही नाही, कारण पुष्कळ घरांत डबा दुसऱ्या दिवशी उघडतो आणि पाहुण्याला दिल्यावर खरं मत कळतं. पार्सल पोचल्यावर आठवड्याने संदेश जावा असं ठरलं. एकदाच. उत्तर आलं नाही तर पुन्हा नाही. आणि प्रत्येक डब्यावर घाण्याचा नंबर आणि तारीख लिहायची, म्हणजे तक्रार आली की ती कुठल्या आल्याची, कुठल्या दिवसाच्या पाकाची हे वहीत सापडेल. मला या सगळ्यात हा नंबर सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘वडी कडक होती’ या वाक्याचं दुकानदाराला काही करता येत नाही. ‘सत्तेचाळीस नंबरच्या घाण्याची वडी कडक होती’ म्हटलं की त्या दिवशी चुलीपाशी कोण होतं आणि पाऊस होता का, इथपर्यंत जाता येतं.

ताऱ्यांसाठीची सूट बंद झाली. मामांना ती सुरुवातीपासून खटकत होती. पैसे देऊन घेतलेलं कौतुक गिऱ्हाइकालाही फसवतं आणि आपल्यालाही. झाकलेले अभिप्राय मुलाने त्याच रात्री उघडे केले. २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढलं, ते पाळणं ऐच्छिक आहे, पण त्याचा रोख स्पष्ट आहे: चांगले-वाईट असा भेद न करता अभिप्राय लोकांपुढे ठेवावेत. त्याआधी, २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनी विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहू नयेत असं बजावलं आहे, आणि तक्रार आल्यावर ४८ तासांत तिची पोच द्यावी, महिन्याच्या आत ती निकाली काढावी असंही घालून दिलं आहे. महाराष्ट्राला हे परकं नाही. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा यायच्या कितीतरी आधी, १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं होतं. गिऱ्हाइकाने बोलावं आणि दुकानदाराने ऐकावं, यासाठी इथल्या माणसांनी आयुष्यं घातली आहेत.

उघड्या केलेल्या प्रत्येक तक्रारीखाली मुलाने उत्तर लिहिलं. सोलापूरच्या गिऱ्हाइकाला त्याने लिहिलं: “तुमचं बरोबर आहे. यंत्र आल्यावर आम्ही गाळणं थांबवलं आणि दिवाळीपासून जुनं आलं वापरलं, म्हणून दोरे आले. आता गाळणं पुन्हा सुरू केलं आहे. आम्हाला कळायला उशीर झाला.” वाचून मामा म्हणाले, “हे चार पूर्णांक आठपेक्षा जड आहे.”

उत्तरं आता पूर्वीपेक्षा कमी यायला लागली. मुलगा पहिल्यांदा खट्टू झाला. पण जी यायची ती डबा उघडल्यानंतरची असायची. रोज दिवेलागणीला तो ती मोठ्याने वाचायचा, काकी, चुलीवरच्या दोघी बायका आणि कपाटावरची मुलगी ऐकायच्या. मुलीला एक वही दिली होती. पेठेतली माणसं काय म्हणाली ते ती तिच्यात लिहायची आणि तीही आपली पानं वाचून दाखवायची.

सगळं ऐकायचं याचा अर्थ सगळं करायचं असा नाही, हेही त्या बैठकीत हळूहळू कळत गेलं. कुणी लिहिलं, बिनसाखरेचा करा. काकींनी उत्तर सांगितलं आणि मुलाने तसंच लिहिलं: साखरेच्या पाकावरच ही वडी बांधते आणि टिकते, साखर काढली तर ती वडी राहणार नाही, म्हणून आम्हाला जमणार नाही, खोटं गोड करून तुम्हाला देणार नाही. त्या गिऱ्हाइकाने उलट लिहिलं की साफ सांगितल्याबद्दल आभार, आता घरातल्या पोरांसाठी मागवतो.

तिखटाचं मात्र कोडं पडलं. जितके लोक म्हणत तिखट कमी करा, जवळजवळ तितकेच म्हणत, वाढवा. मुलाने दोन्हींचा मध्य काढायचं ठरवलं. काकी म्हणाल्या, मध्य काढला तर दोघंबी नाराज. कोण काय मागतंय ते बघ, असं त्यांनी सांगितलं. कमी तिखट मागणाऱ्यांच्या घरात लहान मुलं किंवा फार म्हातारी माणसं होती, तसं त्यांनीच लिहिलं होतं. जास्त तिखट मागणारे घसा धरला की वडी चघळणारे होते: गाणारे, शिकवणारे, दिवसभर गाडी चालवणारे. ही दोन वेगळी गिऱ्हाइकं होती आणि त्यांना लागणारं आलंही वेगळं. नव्या आल्याची मऊ वडी एका डब्यात आणि जुन्या आल्याची, दोनदा गाळलेली, तिखट वडी दुसऱ्या डब्यात, असं सुरू झालं. जुनं आलं, ज्याने सगळा घोटाळा केला होता, ते असं आपल्या जागी बसलं.

गाळायला आणखी एक बाई लावावी लागली. तिची मजुरी वडीवर चढली. मुलाला वाटलं, भाव वाढवला तर लोक बोलतील. “बोलू दे,” काकी म्हणाल्या, “त्यासाठीच चौकट ठेवलीया.” भाववाढीचं कारण त्याने वेबसाइटवर पहिल्याच ओळीत लिहिलं: गाळण्याची मजुरी. काही गिऱ्हाइकं गेली. ठाण्याच्या गुरुजींची मागणी त्या महिन्यात आली, अर्धा किलो मऊ, आणि सोबत पाव किलो तिखट, शेजाऱ्यांसाठी.

जुलै लागला. त्या वर्षी पाऊस झडीचा होता. एका संध्याकाळी मुलाने नाशिकच्या बाईंचा आवाज लावला. त्या पुन्हा मागवायला लागल्या होत्या. “चव पहिल्यासारखी आहे, दोरे नाहीत,” त्या म्हणत होत्या, “पण वड्यांना पाणी सुटलंय. कागदाला चिकटल्यात. धाकटीकडच्या डब्याचं तसंच झालं.”

दमट हवेत साखर ओल ओढून घेते, काकींना हे माहीत होतं. दुकानात पावसाळ्यात त्या बरणी घट्ट लावून ठेवायच्या आणि त्या दिवसापुरतंच करायच्या. पण कुरियरच्या पोत्यात दोन दिवस पडून राहणाऱ्या डब्याचं काय करायचं, हे त्यांनाही सांगता येईना. वेगळा कागद आणून पाहू म्हणाल्या. मामांनी डब्याच्या झाकणाबद्दल काही सुचवलं. मुलगा म्हणाला, आधी घाण्याचा नंबर बघू.

“त्यांना आत्ता काय लिहू?” त्याने विचारलं.

“हाय ते लिव,” काकी म्हणाल्या.

त्याने लिहिलं: “तुमची तक्रार पोचली. पावसाळ्यात वडी चिकटते, त्यावर आम्हाला अजून उपाय सापडलेला नाही. दोन-तीन गोष्टी करून बघतो आहोत. सापडला की कळवतो. तोपर्यंत पावसाळ्यात दूरच्या मागण्या पाव किलोच्या वर घेणार नाही.” शेवटचं वाक्य काकींनी घालायला लावलं होतं. मुलाने ते वेबसाइटवरही टाकलं, मागणीच्या बटणाच्या वर, आणि खाली नाशिकच्या बाईंची तक्रार जशी होती तशी ठेवली.